नाशिकच्या निसर्गवाटेवर व्हीलचेअर घेऊन: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आमच्या आईचं माहेर निफाडचं. द्राक्षाच्या बागेत वाढलेली बाई, नुसत्या आवाजावरून पक्षी सांगते. सहा वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पुढची दोन वर्षं तिचं जग म्हणजे पलंग, गॅलरी आणि दवाखाना. तिसऱ्या वर्षी जानेवारीत एका सकाळी मी तिला व्हीलचेअरवर बसवून घराजवळच्या एका बागेत घेऊन गेले. आतली निसर्गवाट सुरेख होती, सपाट, दोन्ही बाजूंना करंज आणि बहावा. पण आम्हाला आत जाताच आलं नाही. दुचाक्या घुसू नयेत म्हणून फाटकात लोखंडी पाइप नागमोडी लावलेले होते आणि त्या वळणात खुर्ची अडकत होती. बाजूचं मोठं फाटक कुलूपबंद. ज्याच्याकडे किल्ली, तो नऊनंतर येणार. आई म्हणाली, "राहू दे गं, तांबट इथूनही ऐकू येतोय." आम्ही अर्धा तास फाटकाबाहेर बसून परत आलो.

त्यानंतर गेली चार वर्षं आम्ही दर आठवड्याला कुठे ना कुठे जातो. सोबत कधी गुडघे गेलेली मावशी असते, कधी आमच्या सोसायटीतले काका असतात. त्यांना दिसत नाही. या चार वर्षांत जे कळलं ते इथे लिहिते आहे. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी तर आहेच, पण वॉकर, काठी, बाबागाडी घेऊन जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. आणि जे धडधाकट आहेत आणि त्याच वाटेवर रोज चालायला जातात, त्यांनी शेवटापर्यंत वाचावं अशी विनंती आहे, कारण ती वाट इतरांसाठी उघडी राहते की बंद होते हे बरंचसं त्यांच्या हातात असतं.

आधी एकट्याने जाऊन या

ही पायरी कुणीही गाळू नये. घरातलं माणूस तयार होऊन, साडी नेसून, औषध घेऊन निघालं आणि फाटकावरून परत यावं लागलं, की पुढच्या वेळी ते "नको" म्हणतं. आई दोन महिने नको म्हणत होती.

मोजपट्टी बरोबर घ्या. नसेल तर हात आहेच: मोठ्या माणसाच्या चार विती म्हणजे साधारण तीन फूट, म्हणजे ९० सेंटिमीटर. आधी घरी आपली खुर्ची मोजा, दोन्ही बाजूंच्या ढकलायच्या कड्या धरून. बहुतेक खुर्च्या ६० ते ७० सेंटिमीटर भरतात. फाटकाची मोकळी जागा ९० असेल तर सुखाने जाल. खुर्ची चालवणाऱ्याची बोटं कडीवर असतात, म्हणून अगदी खुर्चीएवढी जागा पुरत नाही, बोटं सोलवटतात.

फाटकातून आत गेलात की वाटेची रुंदी बघा. एक खुर्ची जायला १२० सेंटिमीटर हवेत, समोरून दुसरी आली तर १८०. वळायला दीड मीटरचं वर्तुळ लागतं. हे आकडे मी मनाने सांगत नाही. सार्वजनिक जागा सुगम्य करण्यासाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०२१ मध्ये ती सुधारून आली, त्यात हीच मापं आहेत. उताराचं मापही त्यातच आहे: एकास बारा. म्हणजे एक फूट उंची चढायची असेल तर रॅम्प बारा फूट लांब हवा. साध्या सहा इंचाच्या पायरीलाही सहा फूट. पुष्कळ ठिकाणी रॅम्प असतो, पण दोन पायऱ्यांवर सिमेंट ओतून घसरगुंडी केलेली असते, त्यावरून खुर्ची नेणं धोक्याचं. डोळ्याने कळत नसेल तर मोबाइलमधलं पातळी मोजायचं ॲप उघडून फोन रॅम्पवर आडवा ठेवा. पाच अंशांच्या आत असेल तर ठीक. आठ-दहा दाखवत असेल तर एकट्या माणसाने खुर्ची न्यायची नाही.

वाटेचा पृष्ठभाग हा या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न. दाबून बसवलेला मुरूम उत्तम, पावसाळा सोडून. पेव्हर ब्लॉक सपाट असतील तर चालतात, पण मुळांनी उचललेले असतील तर पुढची लहान चाकं प्रत्येक ब्लॉकला अडखळतात आणि बसलेल्या माणसाची पाठ खिळखिळी होते. सुटी खडी टाकलेली वाट दिसायला नीटनेटकी, पण चाक त्यात रुततं. काळ्या मातीची पायवाट उन्हाळ्यात दगडासारखी आणि पहिल्या पावसानंतर चिकट. तिथे चाकाला माती अशी लपेटते की ब्रेकसुद्धा लागत नाही.

पहारेकऱ्याला "व्हीलचेअर जाते का?" असं विचारू नका. तो मनापासून "जाते की" म्हणतो, कारण त्याने कधी जाताना पाहिलेली नसते. त्यापेक्षा असं विचारा: मोठं फाटक कोण उघडतं, किल्ली कुणाकडे, किती वाजता? आत पायरी कुठे कुठे आहे? स्वच्छतागृह उघडं असतं का? शेवटचा प्रश्न विचारून थांबू नका, जाऊन दार उघडून बघा. दिव्यांगांसाठी बांधलेल्या स्वच्छतागृहात झाडू, बादल्या आणि पाइपाची वेटोळी भरून ठेवलेली मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी पाहिली आहे. बायकांसाठी ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. सोय नाही हे माहीत असलं की त्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणं कमी करतात आणि उन्हात त्याचा त्रास होतो. सोय नसेल तर फेरी तासाभराची ठेवा, पाणी तोडू नका.

शेवटी पूर्ण वाट एकदा चालून या आणि बाक मोजा. दोन बाकांमध्ये किती पावलं आहेत, सावलीत आहेत का, बाकाशेजारी खुर्ची लावायला पक्की जागा आहे का. गुडघेदुखीच्या माणसाला किलोमीटर सांगून उपयोग नसतो, "पुढचा बाक सत्तर पावलांवर" असं सांगितलं की त्याला धीर येतो.

नाशिकमध्ये कुठे

पहिल्या फेरीला घरापासून पंधरा मिनिटांवरची जागाच निवडा. महापालिकेची बाग, गोदाकाठचा पायी फिरायचा पट्टा, एखादा जॉगिंग ट्रॅक, काहीही चालेल. मोठी हौस नंतर.

पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान अनेकांना आठवेल. तिथे जायचं असेल तर वरची लेणी त्याच दिवशीच्या बेतात धरू नका, ती पायऱ्या चढूनच गाठावी लागतात. खाली झाडांत बसून डोंगर बघणं हाच स्वतंत्र कार्यक्रम समजा. अंजनेरी, ब्रह्मगिरी, बोरगड ही सगळी चढाची ठिकाणं, आपल्या कामाची नाहीत. बोरगडला २००८ साली संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, गिधाडांमुळे त्याचं महत्त्व मोठं आहे, पण ते दुरूनच मानायचं.

गोदाकाठच्या वाटांचं पावसाळ्यातलं गणित वेगळं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात, पाणी त्याच्या गुडघ्याला की कमरेला की छातीला. पाणी पायाला लागलं असेल तर काठावरच्या कुठल्याही वाटेवर खुर्ची न्यायची नाही. आणि पूर ओसरल्यावरही लगेच नाही. वरून वाळलेला दिसणारा गाळ खाली ओलाच असतो. पंधरा दिवस जाऊ द्या, कुणीतरी तो खरवडून काढू द्या.

वेळ आणि ऋतू

ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी हा आपला काळ. थंडीत मात्र पहाटे जाण्याचा सोस करू नका. निफाड-नाशिकची थंडी नाशिककरांना सांगायला नको. झटका येऊन गेलेल्या माणसाचे स्नायू थंडीत आखडतात आणि ज्या हातापायाला संवेदना नाही तो गार पडलेला त्याला स्वतःला कळत नाही. साडेआठला, ऊन अंगावर आल्यावर निघा. मार्च ते मे मध्ये उलटं, साडेसहाला आत आणि साडेआठला घरी. मणक्याला इजा झालेल्या अनेकांना घामच नीट येत नाही, त्यांचं अंग उन्हात झपाट्याने तापतं. त्यांच्यासाठी ओला पंचा मानेवर ठेवायला बरोबर घ्या.

पळस आणि काटेसावर फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात, बहावा एप्रिल-मे मध्ये. बहाव्यासाठी म्हणून उन्हाळ्यात एखादी फेरी करावीच, खुर्चीवरून वर बघताना ते पिवळे घोस थेट डोक्यावर येतात.

शक्य असेल तर कामाच्या दिवशी जा. रविवारी सकाळी गर्दी, कुत्री, सायकली आणि ढोल वाजवल्यासारखी गाणी. आवाज आणि गर्दी सहन न होणाऱ्या मुलांना, म्हणजे स्वमग्न मुलांना, मंगळवार-बुधवारची सकाळ फार बरी जाते.

पिशवीत काय

पाणी, औषधं, सुका खाऊ, एक जाडसर चादर, टॉवेल, हातमोजे, कात्री, आणि खुर्चीची चाकं हवेची असतील तर हवा भरायचा छोटा पंप. चादर आणि कात्री कशाला ते पुढे येईल. बसायची गादी घरचीच चांगली घ्या, खुर्चीबरोबर मिळणारं रेक्झिन पुरत नाही. ज्याला संवेदना नाही त्याने दर वीस-पंचवीस मिनिटांनी वजन एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर घ्यायला हवं, नाहीतर जखम होते आणि ती महिनोन् महिने भरत नाही. मी फोनवर गजर लावते.

रिक्षाने जाणार असाल तर खुर्चीचे पाय ठेवायचे पाट आधी काढून घ्या, मग ती सीटमागे बसते.

खुर्ची चालवताना

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. चुकत शिकले, आणि एकदा आई पुढे सरकून पडता पडता वाचली. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

उतारावर खुर्ची उलटी न्या. म्हणजे तुम्ही खाली, पाठ उताराकडे, आणि बसलेल्या माणसाची पाठही उताराकडे. एक एक पाऊल मागे, मान वळवून बघत. चढावर सरळ. सरळ तोंडाने उतरलात तर खुर्चीचं आणि माणसाचं सगळं वजन तुमच्या मनगटांवर येतं आणि माणूस पुढे घरंगळतो. आमचं नेमकं असंच झालं होतं.

पायरी किंवा उचललेला ब्लॉक आला की खुर्चीच्या मागे खाली दोन नळ्या बाहेर आलेल्या असतात, त्यातल्या एकीवर पाय द्या आणि हँडल मागे ओढा. पुढची लहान चाकं उचलली जातात. ती वर टेकवा, मग मोठी चाकं ढकलून चढवा. उतरताना मोठी चाकं आधी, उलटं. दर वेळी आधी तोंडाने सांगा, "आता मागे कलवते हं." न सांगता कलवलं की बसलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, मग तो पूर्ण वेळ हात घट्ट आवळून बसतो आणि झाडं बघायची राहून जातात.

पाणी वाहून जायच्या जाळ्या काटकोनात ओलांडा. तिरके गेलात तर लहान चाक फटीत अडकतं. थांबलात की ब्रेक, सपाट जागेवरही.

खुर्चीवरचं माणूस स्वतः चाकं फिरवू शकत असेल तर त्याला फिरवू द्या. तुम्ही मागे नुसतं चाला. हात हँडलवर ठेवायचा तोही विचारून.

सोबतच्यांना काय दाखवायचं

आमच्या काकांना दिसत नाही, पण सगळ्यात जास्त वाट त्यांनाच कळते. त्यांचा हात धरून ओढत नेऊ नका. आपला कोपर पुढे करा, ते कोपराच्या जरा वर धरतात आणि अर्धं पाऊल मागे चालतात. तुमचं अंग वळलं की त्यांना वळण कळतं. पायरीआधी थांबा, "एक पायरी वर" म्हणा. दिशा सांगायला घड्याळ वापरा: "दोन वाजता उंबर आहे, चार पावलांवर."

मग झाडं हातात द्या. सागाचं पान खरखरीत, पॉलिश पेपरसारखं. कोवळं पान बोटांत चुरगाळलं तर बोटं तांबडी होतात, हे काकांनी मला सांगितलं. अर्जुनाचं खोड गुळगुळीत आणि गार. काटेसावरीच्या खोडावरचे शंकूसारखे काटे तळहाताने अलगद चाचपावेत. बकुळीखाली पडलेली फुलं वेचून ओंजळीत द्यावीत, सुकली तरी वास जात नाही. एक मात्र ध्यानात ठेवा: हिवाळ्यात वेलीवर मखमलीसारख्या लवेच्या तपकिरी शेंगा लोंबताना दिसल्या तर हात लावू देऊ नका. ती खाजकुयली. तिची लव अंगाला लागली तर दिवसभर खाज थांबत नाही.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी बोलताना उजेडाकडे तोंड करून उभे राहा, ओठ दिसले पाहिजेत. आणि चालता चालता बोलू नका, थांबून बोला.

अनोळखी माणसं भेटतात, बहुतेक प्रेमळ असतात. तरी सांगते. मदत करावीशी वाटली तर "मदत करू का? कशी करू?" एवढं विचारा आणि "नको" आलं तर वाईट वाटून घेऊ नका. बोलायचं असेल तर खुर्चीवरच्या माणसाशी बोला. "आजींना चहा चालेल का?" हे लोक मला विचारतात, आजी तर समोर बसलेल्या असतात. आमची आई एकदा म्हणाली, "चालेल, साखर कमी," आणि ते गृहस्थ इतके ओशाळले की नंतर दर बुधवारी थांबून तिच्याशीच बोलतात.

वाटेवर वागायचं कसं

देवराईचा जुना दंडक इथे जशाच्या तसा लागू पडतो: आतली काडीसुद्धा घरी न्यायची नाही. आपल्या आजीपणजीने तो देवाच्या धाकाने पाळला, आपण झाडांच्या ओढीने पाळू. पूजेची फुलं या वाटेवरून तोडू नका. सकाळी सहाला पिशवी घेऊन येणारी चार माणसं असली तर सातला येणाऱ्यांना फूल दिसत नाही, आणि मधमाशीला तर मुळीच नाही. वटपौर्णिमेला वडाची फांदी तोडून घरी नेण्यापेक्षा वडाशी जा. परवानगीशिवाय रोपंही लावू नका, कितीही चांगल्या हेतूने. वाटेच्या कडेला लावलेलं झाड चार वर्षांनी मुळांनी ब्लॉक उचलतं आणि तिथून खुर्ची जात नाही. लावायचंच असेल तर जे लोक ती वाट सांभाळतात त्यांच्या श्रमदानाला जा. खुर्चीवरून रोपांना पाणी घालता येतं, बिया भरता येतात, नोंदी ठेवता येतात. आईने डाव्या हाताने करंजाच्या बिया पिशव्यांत खोचल्या आहेत.

आता धडधाकट लोकांसाठी. फाटकासमोर "दोनच मिनिटं" म्हणून लावलेली तुमची स्कूटर त्या दोन मिनिटांत आलेल्या माणसासाठी अख्खी वाट बंद करते. तुम्ही तिला वळसा घालून जाता, खुर्चीला वळसा नसतो. रॅम्पच्या तोंडाशी गप्पा मारत उभे राहू नका. चौघांनी हातात हात घालून आडवं चालू नका. जमिनीवर उठावाच्या रेघांच्या किंवा ठिपक्यांच्या पिवळ्या फरशा दिसल्या तर त्यांवर पिशवी, सायकल, चहाची टपरी काहीही नको. काकांची काठी त्यावरूनच चालते. कुत्रा आणाल तर दोरी आखूड धरा, लांब दोरी चाकात जाते. आणि गाणी स्पीकरवर नको. काका वाट कानांनी बघतात.

खायला घालणं हे आपल्याकडे पुण्याचं काम मानतात, म्हणून यावर हळू बोलावं लागतं. पण फरसाण, चिवडा, शेव हे पक्ष्यांचं अन्न नाही. माकडं असतील तिथे तर मांडीवर खाण्याची पिशवी घेऊन बसलेलं माणूस पहिलं लक्ष्य होतं, कारण ते उठून पळू शकत नाही. तुम्ही काल माकडाला केळं दिलंत म्हणून आज ते आईच्या मांडीवर उडी मारतं.

संक्रांतीनंतर झाडांत मांजा असतो. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी दर जानेवारीत तो फांद्यांमधून लोंबतो, आणि खुर्चीवरच्या माणसाच्या मानेच्या नेमक्या उंचीवर. या दिवसांत एकाने पुढे चालावं, हात समोर धरून. सापडलेला मांजा कापून, गुंडाळून पिशवीत भरून आणा, तिथेच टाकू नका. अडकलेला पक्षी दिसला तर ओढू नका. दोन वर्षांपूर्वी आम्हाला एक भारद्वाज मिळाला, पंखाला तीन वेढे. त्याच्यावर आधी टॉवेल टाकला. अंधार झाला की पक्षी शांत होतो. मग दोन्ही बाजूंनी मांजा कात्रीने कापला, पंखावर रुतलेला तुकडा तसाच ठेवला. तो काढणं डॉक्टरचं काम, आपण ओढला तर स्नायू फाटतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात भोकं पाडून ठेवलं, चोचीत पाणी घातलं नाही आणि वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन केला.

मधमाश्यांचं भय सगळ्यांना आहे, पण पळता न येणाऱ्याला जास्त. उंच झाडावर किंवा कड्याला काळंभोर पोळं लोंबताना दिसलं तर ते आग्या मोहोळ. त्याखालून जाऊ नका, तिथे धूर, अत्तर, फटाके, दगड काहीही नको. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. चादर खुर्चीवरच्या माणसावर पूर्ण पांघरा, तोंडासकट, आणि खुर्ची शांतपणे पण न थांबता दूर न्या. त्या चादरीचं हेच काम.

बिबट्या नाशिकला नवा नाही. उसाचे आणि नदीकाठचे पट्टे हे त्याचे जुने रस्ते आहेत. म्हणून उजाडण्याआधी आणि अंधार पडल्यावर झाडीतल्या वाटेवर थांबायचं नाही, लहान मुलांना पुढे एकटं सोडायचं नाही. दिसलाच तर पाठ फिरवून पळू नका, वाकू नका, मोठ्याने बोलत मागे सरका, त्याला जायला जागा द्या. व्हिडिओसाठी गर्दी करणाऱ्यांमुळेच तो बिथरतो. फोन तोच, १९२६. माणसाला काही झालं तर १०८ किंवा ११२.

जमलं की नांदूरमध्यमेश्वर

जवळच्या पाच-सहा फेऱ्या नीट झाल्या की एक मोठी करा. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. त्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या, आणि पक्ष्यांना हवी तशी जागा आपोआप घडली. १९८६ पासून ते अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. नाशिकहून साधारण ४० किलोमीटर. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक बाहेरून आलेले असतात, जांभळ्या पाणकोंबड्या, चित्रबलाक, उघडचोच करकोचे तिथलेच.

निरीक्षण मनोरे आहेत, त्यांना जिने आहेत. तेव्हा मनोऱ्याचा हट्ट सोडा आणि आधीच फोन करून किंवा तिकीट काढताना विचारून घ्या की गाडी कुठपर्यंत जाते आणि काठाजवळ खुर्ची टेकवायला पक्की जागा कोणत्या बाजूला आहे. स्थानिक गाईड मिळतात, त्यांच्याकडे दुर्बीण असते. त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा की आम्हाला एकाच जागी दोन तास बसायचं आहे, फिरायचं नाही. स्टँडवरची दुर्बीण असेल तर तिचे पाय आखूड करून ती बसलेल्या डोळ्याच्या उंचीला आणायला लावा. एका जागी बसण्यात तोटा काहीच नाही. आम्ही बसलो होतो तेव्हा अर्ध्या तासाने पक्षी आम्हाला विसरले आणि जांभळ्या पाणकोंबड्या वीस-पंचवीस फुटांवर येऊन लव्हाळ्याचे देठ पायात धरून सोलायला लागल्या. आई दुर्बीण बाजूला ठेवून बघत होती. माहेरच्या तालुक्यात तिला लग्नानंतर एवढा निवांत वेळ कधी मिळाला नव्हता, असं ती परतताना गाडीत म्हणाली.

भडक कपडे, मोठा आवाज, पाण्यात दगड, ड्रोन काही नको. पक्षी उडवून फोटो काढणाऱ्याला शांतपणे थांबवा.

घरी आल्यावर

आधी माणूस. ज्या पायाला संवेदना नाही त्याचे मोजे काढून टाचा, घोटे, बोटांच्या फटी बघा. लाल डाग असेल आणि अर्ध्या तासात जात नसेल तर दुसऱ्या दिवशी खुर्चीवर जास्त बसवू नका. मग खुर्ची. ओल्या फडक्याने चाकं पुसा आणि टायरमधले सराटे एकेक करून उपटा. सराटा राहिला तर पुढच्या फेरीला निघताना चाक बसलेलं मिळतं.

त्यानंतर, थकवा असला तरी, पाच ओळी लिहा: फाटक किती सेंटिमीटर, कुठे पायरी, कुठे ब्लॉक उचललाय, स्वच्छतागृह उघडं होतं का, बाक किती. सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका. "छान जागा आहे" याचा कुणाला उपयोग नाही, "मागचं फाटक १०५ सेंटिमीटर, सकाळी सात ते दहा उघडं" याचा आहे.

अडचण असेल तर तक्रार करा, आणि मापासकट करा. बाग महापालिकेची असेल तर आपल्या विभागीय कार्यालयात अर्ज द्या. पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिकरोड असे सहा विभाग आहेत. वनाची जागा असेल तर वन विभागाकडे. मोजपट्टी लावलेला फोटो जोडा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा उल्लेख करा, सार्वजनिक जागा सुगम्य असणं हा त्यात हक्क मानला आहे. नुसतं "गैरसोय होते" लिहिलेला अर्ज पडून राहतो. "पाइपांमधलं अंतर ५८ सेंटिमीटर आहे, ९० हवं, मधला एक पाइप काढल्यास काम होईल" असं लिहिलेल्या अर्जावर काय करायचं ते वाचणाऱ्याला लगेच कळतं. पोच घ्या, पंधरा दिवसांनी पुन्हा जा.

आमच्या त्या पहिल्या बागेसाठी मी असे तीन अर्ज दिले. पाइप अजून तसेच आहेत. पण मोठ्या फाटकाची किल्ली आता पहारेकऱ्याच्या खोलीत, दाराच्या उजव्या हाताला खिळ्यावर असते. सकाळी सहापासून, मागितली की तो काढून देतो.